ध्रुव अनेक, पंच कोण?

अलीकडे सभा-संमेलनांतून, परिसंवादांतून आणि मंत्रिमहोदयांच्या भाषणांतून 'बहुध्रुवीय जग' हा शब्दप्रयोग ज्या समाधानाने उच्चारला जातो, त्या समाधानाविषयी आमची तक्रार आहे. एका महासत्तेची सद्दी संपत आली, सत्तेची नवी केंद्रे उदयाला आली, त्यांत आपलेही एक केंद्र आहे, आणि म्हणून जग आता अधिक न्याय्य होणार, असा हा युक्तिवाद असतो. त्यातील पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धातून मुळीच निष्पन्न होत नाही, आणि तो होतो असे धरून चालणे आपल्या देशाला महागात पडेल, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सत्ता किती ठिकाणी विभागली गेली, यापेक्षा त्या सत्तांमधला तंटा कोणापुढे चालतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जेथे सर्वांना मान्य असा पंच नसतो, तेथे सर्वांत बलिष्ठ पक्षकार स्वतःच पंच होऊन बसतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या घराण्यांना ही गोष्ट कोणी शिकवावी अशी नाही. परंतु आठवण करून द्यावी अशी वेळ निश्चित आली आहे.

आधी खऱ्याला खरे म्हणू. १९९१ च्या जुलैत आपण अर्थव्यवस्थेची दारे उघडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. डंकेल प्रस्तावाच्या त्या दिवसांत आपल्याकडे किती वादविवाद झडले, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ईस्ट इंडिया कंपनी नव्या वेषात परत येत आहे, असे एक पक्ष म्हणे. जागतिकीकरणाच्या गंगेत हात धुऊन घेतले नाहीत तर आपण कायमचे मागे राहू, असे दुसरा म्हणे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि २००१ च्या डिसेंबरात चीन तिचा सदस्य झाला. त्यानंतर जे घडले ते दोन्ही पक्षांच्या भाकितांत बसणारे नव्हते. जगाचा कारखाना पूर्वेकडे सरकला, आणि ज्या देशांनी नियम लिहिले होते त्यांनाच ते नियम जाचू लागले. २००१ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन वित्तसंस्थेतील एका अर्थशास्त्रज्ञाने गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्या आद्याक्षरांतून 'ब्रिक' हे नाव तयार केले. २००९ मध्ये त्या चार देशांनी हेच नाव धारण करून शिखर परिषद भरवली. पुढे दक्षिण आफ्रिका आली. २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती, तर २०२५ मध्ये इंडोनेशिया आला. पाश्चात्त्य वर्चस्वाला पर्याय म्हणून मिरवणाऱ्या संघाचे बारसे न्यूयॉर्कच्या पेढीने करावे, यातला विनोद सोडून देऊ. सत्तेचा तोल ढळला आहे, हे कोणीही नाकारणार नाही.

पण याच काळात दुसरीही एक घटना घडली आणि तिची चर्चा आपल्या व्यासपीठांवर जवळजवळ झाली नाही. जागतिक व्यापार संघटनेचे न्यायासन रिकामे झाले. त्या संघटनेत तंटा आला की आधी एक तज्ज्ञ समिती निर्णय देई आणि त्यावर सात सदस्यांच्या अपील मंडळाकडे दाद मागता येई. एका प्रकरणाच्या सुनावणीस निदान तीन सदस्य लागत. आपल्या विरुद्ध जाणाऱ्या निकालांवर चिडलेल्या अमेरिकेने नव्या नेमणुका अडवण्यास प्रारंभ केला. ओबामांच्या कारकिर्दीत या अडवणुकीचे बीज पडले, ट्रम्प यांच्या काळात ते फोफावले आणि बायडन यांनीही ते उपटले नाही. एकेकाची मुदत संपत गेली आणि ११ डिसेंबर २०१९ रोजी मंडळावर एकच सदस्य उरला. तेव्हापासून हरलेला पक्ष अपील दाखल करतो, ते ऐकायला कोणी नसते, आणि निकाल लोंबकळत राहतो. ध्रुव वाढले आणि पंच नाहीसा झाला, या दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या आहेत.

याचा परिणाम काय होतो, हे एकाच वस्तूच्या दोन कहाण्यांवरून दिसते. मोटारींच्या चुंबकांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सर्वत्र लागणाऱ्या दुर्मिळ मृदा-धातूंच्या शुद्धीकरणाचा बहुतांश व्यवहार चीनच्या हाती आहे. २०१० मध्ये सागरी हद्दीच्या वादातून जपानकडे जाणारी या धातूंची निर्यात अडली. २०१२ मध्ये जपान, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी चीनच्या निर्यात-निर्बंधांविरुद्ध व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. २०१४ मध्ये अपील मंडळाने चीनविरुद्ध निकाल दिला आणि २०१५ मध्ये चीनने निर्यातीवरील कोटा उठवला. चीन तेव्हाही बलाढ्य होता. पण निकाल मानणे त्याला श्रेयस्कर वाटले, कारण उद्या त्यालाही त्याच आसनापुढे दाद मागायची होती. आता २०२५ पाहा. अमेरिकेच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून चीनने एप्रिलमध्ये सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. भांडण दोघांचे, पण जपान, युरोप आणि भारत येथील वाहन-उद्योग चुंबकांवाचून खोळंबला. या वेळी कोणी न्यायासनाकडे धावले नाही, कारण धावून उपयोग नव्हता. जो तो बीजिंगच्या दाराशी आपापली रदबदली करीत राहिला. धातू तेच, देशही तेच. मधल्या काळात फक्त पंच गेला होता.

आयातशुल्काचीही तीच कथा आहे. २०२५ च्या एप्रिलात अमेरिकेने व्यापार संघटनेची बंधने बाजूस सारून प्रत्येक देशासाठी निराळा दर जाहीर केला. चीनवरील शुल्क चढत चढत १४५ टक्क्यांवर गेले. परंतु चीनच्या हाती धातूंची किल्ली होती, म्हणून मे महिन्यातच तडजोड होऊन ते ३० टक्क्यांवर उतरले. भारतावर ऑगस्टात आधी २५ टक्के आणि मग रशियाचे तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, असा ५० टक्क्यांचा बोजा पडला. रशियाचे तेल आपल्याहून अधिक घेणाऱ्या चीनवर त्या कारणासाठी असा दंड बसला नाही. त्या दरांचे पुढे काय झाले, हा निराळा विषय आहे. आम्हांस रीत दाखवायची आहे. आफ्रिकेतील लेसोथो हा सुमारे २३ लाख वस्तीचा देश अमेरिकेला तयार कपडे शिवून पाठवतो. एप्रिलच्या यादीत त्याच्या नावापुढेही ५० टक्के हाच आकडा होता. ऑगस्टात तो १५ वर आला, पण तोवर तेथील शिलाई-कारखान्यांतील कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली होती. लेसोथोच्या हाती कोणतीही किल्ली नव्हती. ज्याच्या हाती किल्ली त्याला सवलत, ज्याच्या हाती काही नाही त्याने पदर पसरावा, हा या नव्या बहुध्रुवीय व्यवस्थेचा नियम आहे. ब्रिटन, जपान, युरोपीय संघ, व्हिएतनाम, इंडोनेशिया या सर्वांनी अमेरिकेशी स्वतंत्र करार केले. एकत्र बसून अमेरिकेला एकच उत्तर द्यावे, असे कोणाच्या मनात आले असेल, तरी कृतीत ते आले नाही.

स्वतंत्र करार! हे शब्द ऐकताच माळव्यात आणि गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानात काही वाजू नये, याचे आम्हांस नवल वाटते. आपले पूर्वज ज्या हिंदुस्थानात या प्रांतांत आले, तो बहुध्रुवीय हिंदुस्थान होता. पुणे, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, नागपूर, हैदराबाद, म्हैसूर आणि कलकत्ता असे त्या वेळचे ध्रुव होते. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठी सरदार निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले. त्यानंतर तसा योग आला नाही. १८०० च्या मार्चमध्ये नाना फडणविसांचे निधन झाले आणि सरदारांमधल्या तंट्यांना मर्यादा घालणारे उरलेसुरले मध्यस्थपणही संपले. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी कंपनीशी तह केला. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले कंपनीशी लढले, तेव्हा होळकर दूर राहिले आणि गायकवाड कंपनीच्या आश्रयाला गेलेले होते. त्या डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला तह केला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला केला, दोघांनी निरनिराळा. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा शिंद्यांचे हात तहाने बांधलेले होते. १८०५ च्या डिसेंबरात राजघाटाला होळकरांचाही तह झाला. तीन वर्षांत सर्व ध्रुव एकेक करून एकाच कचेरीत जाऊन सह्या करून आले.

वसईच्या तहाची आठवण निघाली की आपण तैनाती फौजेबद्दल बोलतो. परंतु त्यात दुसरे एक कलम होते आणि आमच्या मते तेच अधिक घातक होते. पेशव्यांचे गायकवाडांशी जे देण्याघेण्याचे वाद होते, त्यांत कंपनीचा लवाद मान्य करावा, असे ते कलम होते. पुणे आणि बडोदे या दोन मराठी सत्तांच्या घरगुती हिशेबाचा निवाडा कलकत्त्याने करायचा! फौज काढून घेता येते. लवादाचा अधिकार एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की तो परत येत नाही. कंपनीने हिंदुस्थान केवळ तोफांनी जिंकला नाही, तो पंच होऊन जिंकला. आणि पंच होता आले, कारण आपण आपसांत पंच निर्माण केला नव्हता. महिदपूरची १८१७ ची लढाई हा या हकिकतीचा उपसंहार होता.

येथे आणखी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. त्या बहुध्रुवीय काळाचे आपण अभिमानाने स्मरण करतो, पण ध्रुवांच्या सावलीत राहणाऱ्या रयतेला तो कसा वाटला? १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची धास्ती बंगाली अंगाईगीतात आजतागायत टिकून आहे; तेथील आया मुलांना निजवताना बर्गींचे नाव घेतात. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लक्षांची चौथाई कबूल केली, ती शेवटी रयतेच्याच घरातून गेली. एका सत्तेऐवजी अनेक सत्ता आल्या म्हणजे सामान्याचा भार हलका होतो, असे नाही. पुष्कळदा वसुलीला येणारे तेवढे वाढतात.

यावर आक्षेप येईल की जुने नियम तरी कुठे न्याय्य होते? ते बलिष्ठांनीच लिहिले होते. हा आक्षेप आम्ही पूर्णतः मान्य करतो. श्रीमंत देशांनी आपल्या शेतीची अनुदाने राखून गरिबांना बाजार उघडायला लावले. औषधांच्या पेटंटांचे नियम कोणाच्या सोयीचे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरांची गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा डॉलर ही केवळ विनिमयाची सोय नसून हाती धरलेली छडी आहे, हेही उघड झाले. परंतु छडीला पर्याय काय निघाला? आपण रशियाशी काही व्यवहार रुपयांत करू लागलो. २०२३ च्या मे महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या रशियन परराष्ट्रमंत्र्यांनी तेथेच सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते वापरता येत नाहीत. मैत्री होती, दोन ध्रुव होते, एका ध्रुवाविषयी दोघांची नाराजीही होती. हिशेब चुकता करण्याची सर्वमान्य यंत्रणा तेवढी नव्हती.

आणि जुन्या अन्यायी व्यवस्थेतही दुबळ्याला केव्हा दाद मिळाली, ते आठवा. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जी प्रचंड अनुदाने देई, त्यांनी जगातले भाव पडत. विदर्भातल्या शेतकऱ्यालाही त्याची झळ बसे. ब्राझीलने त्याविरुद्ध तक्रार नेली, २००५ मध्ये अपील मंडळापुढेही ती जिंकली, आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेला ३० कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. न्याय उशिरा मिळाला, अपुरा मिळाला, आणि ज्या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न मांडला होता त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. तरीही वॉशिंग्टनला जबाब द्यावा लागला. मंद पंच हा पंचाच्या अभावापेक्षा चांगला असतो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलेले बेळगावकर वाचक त्या मंदपणाला आमच्याहून अधिक कंटाळले असतील. पण न्यायालयच नको, ज्याच्या हाती लाठी त्याचे गाव, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणेल काय?

आता स्वतःकडे वळू, कारण बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे असते. आपण ध्रुव झालो की कसे वागतो? २०१९ च्या सप्टेंबरात भाव चढले म्हणून कांद्याची निर्यात एका आदेशासरशी बंद केली गेली. पुढच्याच महिन्यात दिल्लीस आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, निदान आधी कळवायला हवे होते, अशी हसत हसत तक्रार केली. ते हसू शेजाऱ्याचे होते, म्हणून ते आपल्याला बोचायला हवे होते. २०२३ मध्ये पुन्हा तेच: ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी. लासलगावला लिलाव बंद पडले आणि ढाक्याला कांदा महागला. नाशिकचा शेतकरी आणि ढाक्याची गृहिणी या दोघांना एकाच लेखणीने दुखावण्याची ही किमया आपलीच. २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा पुण्यात बनणाऱ्या लसींची निर्यात थांबली. आपल्या घरात प्रेते पडत असताना ते समजण्याजोगे होते. पण त्या लसींवर विसंबलेले आफ्रिकी देश महिनोन्‌महिने ताटकळले, हेही तितकेच खरे. आणि न्यायासनाचे म्हणाल, तर उसाच्या व साखरेच्या अनुदानांबाबत ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर २०२१ च्या डिसेंबरात निकाल आपल्या विरुद्ध गेला, तेव्हा २०२२ च्या जानेवारीत आपण त्याच रिकाम्या अपील मंडळाकडे अपील केले. पंच नाही याची सोय आपणही करून घेतली. तक्रारदारांत आपला 'ब्रिक्स'-बंधू ब्राझील होता, ही गोष्टही लक्षात ठेवावी.

म्हणून आमचा आग्रह असा आहे. भारताने 'आम्हीही ध्रुव' ही घोषणा काही काळ बाजूस ठेवावी आणि पंच उभा करण्याच्या कामास लागावे. अपील मंडळ बंद पडल्यावर २०२० मध्ये युरोपीय संघ, चीन, ब्राझील आदींनी आपसांतील अपिलांसाठी हंगामी लवाद-व्यवस्था उभारली. पुढे जपानही तीत गेला. भारत तीत सामील झालेला नाही. तो व्हावा. रिकाम्या आसनापुढे अपिले करण्याची चाल त्याने सोडावी. निर्यातबंदीच्या आधी शेजाऱ्यांना पूर्वसूचना देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघाला जी-२० मध्ये स्थान मिळवून देऊन आपण एक चांगली गोष्ट केली. लहानांना खुर्ची देणे हा खरा मोठेपणा होय. ती खुर्ची जेथे ऐकून घेतले जाते अशा सभेत असावी, एवढेच आता पाहायचे. यात परोपकार नाही. आपल्या हाती ना डॉलर आहे, ना दुर्मिळ धातूंची किल्ली. ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत त्यांना नियमांवाचून चालेल. आपल्याला चालणार नाही. आपल्यातल्या अनेक घरांची मुले अमेरिकेत आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात एका आदेशाने एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरांचे शुल्क लागले, त्या रात्री ग्वाल्हेर-बडोद्यातले कित्येक दूरध्वनी खणखणले असतील. लहरीखाली जगणे म्हणजे काय, हे त्या घरांना सांगावे लागणार नाही.

शेवटी, हे सारे आम्ही या अंकातच का लिहितो? जेथे मराठी बहुसंख्य आहेत तेथे संख्येच्या बळावर बोलता येते. आपण त्या बळाबाहेर राहतो. आपल्या मराठी शाळा, आपली ग्रंथालये, बालकाला मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावे ही आपली मागणी, हे सर्व उभे आहे ते संविधानाच्या २९, ३० आणि ३५० (अ) या अनुच्छेदांवर. आपल्या लोकसंख्येवर नव्हे. नियम पुरेसा पाळला जात नाही, ही आपली नित्याची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण तक्रार करता येते, ती नियम आहे म्हणून. परराज्यात दोन-अडीचशे वर्षे भाषा सांभाळून राहिलेल्या समाजाने बळाच्या नव्या वाटणीचे ढोल वाजवावेत, हे त्याच्या अनुभवाला शोभत नाही. त्याने विचारायचा प्रश्न एकच: पंच कोण?